भल्या माणसाच्या हातची आग

नवऱ्याचा मार खाणाऱ्या आणि त्या घरातून बाहेर पडू पाहणाऱ्या बायकांना कायद्याची वाट दाखवणारी एक संस्था न्यूयॉर्क शहरात होती. ७ डिसेंबर २००५ या दिवशी त्या संस्थेच्या कचेरीत केंद्र सरकारची पोलीस मंडळी शिरली आणि तिथे काम करणाऱ्या एकतीस वर्षांच्या एका तरुणाला पकडून घेऊन गेली. तरुण अंगाने गुटगुटीत, चेहऱ्याने साधा. शेजारच्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्या कुणाच्याही थोरल्या मुलासारखा. आणि आरोप कसला, तर दहशतवादाचा! संस्थेच्या प्रमुख बाईंनी घरी जाऊन ही हकीकत नवऱ्याला सांगितली. योगायोग असा, की त्यांचा नवरा मार्शल करी हा अनुबोधपट काढणारा होता. ‘असला माणूस असले काम कसे करील?’ हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला, आणि त्या एका प्रश्नामागे त्याने पुढली काही वर्षे घालवली.

त्या खटाटोपातून २०११ साली जो अनुबोधपट निघाला त्याचे नाव ‘इफ अ ट्री फॉल्स’. सॅम कलमन हा करीचा जोडीदार. रानात झाड पडले आणि ऐकायला कोणीच नसेल, तर आवाज झाला म्हणायचे की नाही, हे इंग्रजीतले एक जुने तात्त्विक कोडे आहे. त्या कोड्याचा पहिला तुकडा तोडून हे नाव केले आहे. सनडान्सच्या चित्रपट महोत्सवात त्याला संकलनाचे पारितोषिक मिळाले आणि पुढे ऑस्करसाठी निवडलेल्या पाच अनुबोधपटांत त्याची गणना झाली. ऑस्कर मिळाले नाही, पण अशी चित्रे पारितोषिकांनी मोजायची नसतात. ती पाहून उठल्यावर माणसे एकमेकांशी किती भांडतात, यावर मोजायची असतात. आणि त्या मापाने हे चित्र फार मोठे आहे.

पोलिसाचा मुलगा

त्या तरुणाचे नाव डॅनियल मॅकगोवन. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, समुद्रकाठच्या रॉकअवे वस्तीत तो वाढला. बाप न्यूयॉर्कच्या पोलीस दलातला. घरात ना कुणाला राजकारणाचे वेड, ना रानावनाचे. मुलाने कॉलेजात व्यापारशास्त्र घेतले, शिक्षण संपवून चारचौघांसारखी नोकरी धरली. सारे काही आपल्या मध्यमवर्गीय आईबापांना पसंत पडावे असेच.

पुढे न्यूयॉर्कमधल्या पर्यावरणाचे काम करणाऱ्या एका मंडळीत त्याचे जाणे-येणे सुरू झाले. जंगले कशी उतरवली जातात, जनावरांचे काय हाल होतात, याची चित्रे त्याने तिथे पाहिली. पाहणारे बहुतेक जण हळहळतात आणि घरी जाऊन जेवतात. याला जेवण गेले नाही. तो मोर्चांत जाऊ लागला, पत्रके वाटू लागला आणि होता होता देशाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओरेगन राज्यात जाऊन पोहोचला.

ओरेगन म्हणजे डग्लस फर वृक्षांचे माहेरघर. इथल्या जुन्या रानांत पाचपाचशे वर्षांची झाडे आहेत. आपल्याकडे हंपीचे राज्य नांदत होते तेव्हा ती रोपे होती. आणि याच राज्यात अमेरिकेतला सर्वांत मोठा इमारती लाकडाचा धंदा. एका बाजूला झाड आणि दुसऱ्या बाजूला झाडावर पोट असलेली गावेच्या गावे. ही लढाई मॅकगोवन तिथे जाण्यापूर्वीच जुंपलेली होती.

रविवारची पहाट

चित्रातला पहिला मोठा प्रसंग यूजीन नावाच्या गावातला. मॅकगोवन त्या वेळी तिथे नव्हता. पण त्या गावाचे मन कसे तापले हे कळावे म्हणून करीने तो दाखवला आहे. साल १९९७. गावाच्या मध्यभागी एक इमारत आणि गाड्या लावायची जागा व्हायची होती, त्यासाठी सुमारे चाळीस मोठी झाडे पाडायची होती. नागरिकांचे म्हणणे ऐकायला नगरपालिकेची सभा ठरलेली. पण त्या सभेच्या आधीच, १ जूनला, रविवारी पहाटे झाडे पाडणारी माणसे आली. अकरा जण झाडांवर चढून बसले. पोलिसांनी त्यांना खाली उतरवण्यासाठी डोळ्यांत मिरपुडीचा फवारा मारला. एकाच्या तर विजारीचे कापड कापून उघड्या कातडीवर मारला. खाली उभी असलेली साधी, संसारी माणसे ओरडत होती, रडत होती. दिवस मावळण्यापूर्वी सगळी झाडे आडवी झाली.

हा प्रसंग पाहताना प्रेक्षक कोणत्या बाजूला असेल हे सांगायला नको. तो झाडावर बसलेला असतो. आणि करीची शहाणीव अशी, की तो प्रेक्षकाला झाडावर आरामात बसू देतो आणि मग विचारतो: आता इथून पुढे किती पावले याल?

रात्रीची कामे

कारण त्या भागातल्या काही जणांचा उघड्या मोर्चांवरचा विश्वास तोवर उडाला होता. ‘अर्थ लिबरेशन फ्रंट’ म्हणजे धरणीमुक्तीची आघाडी. या आघाडीला ना अध्यक्ष, ना सभासदांची वही, ना वर्गणी. चारसहा माणसे अंधारात एकत्र यायची, काम करायची, कुणाला नाव न सांगता वर्तमानपत्रांना निवेदन पाठवायची. काम म्हणजे आग लावणे.

१९९६ ते २००१ या पाचसहा वर्षांत या टोळीने अमेरिकेच्या पश्चिम भागात आगींची एक मालिकाच लावली. १९९७ च्या जुलैत रेडमंड गावचा घोड्यांचा कत्तलखाना जळाला. ऑक्टोबर १९९८ मध्ये कोलोरॅडोतल्या व्हेल या बर्फावरच्या खेळांसाठी प्रसिद्ध ठिकाणी डोंगरावरच्या इमारती जळाल्या. नुकसान सुमारे एक कोटी वीस लक्ष डॉलरचे. माणूस मरू नये, जखमी होऊ नये, असा त्यांचा दंडक होता आणि या आगींत खरोखरच कुणी दगावले नाही.

मॅकगोवनचा हात होता तो दोन आगींत. पहिली २ जानेवारी २००१ ची. ग्लेनडेल गावच्या सुपीरियर लंबर या लाकूड कापण्याच्या गिरणीची कचेरी जळाली. दुसरी त्याच वर्षीच्या २१ मे ची. क्लॅटस्कनी गावाजवळ जेफरसन पॉप्लर फार्म्स नावाचा पॉप्लर झाडांचा मळा होता; तिथल्या इमारती आणि गाड्या जाळण्यात आल्या. या मळ्याची गोष्ट मात्र जरा थांबून सांगायला हवी. ती पुढे येईलच.

लाकडाच्या घरात बसून

गेल्या उन्हाळ्यात मी मुलाकडे ओरेगनमध्ये पोर्टलंडजवळ राहायला होतो. तिथे एका शनिवारी रात्री सातआठ मराठी माणसांनी मिळून हे चित्र पाहिले. मुलगा आणि सूनबाई. त्यांच्या ओळखीचे एक जोडपे, त्यातल्या वहिनी मूळच्या गोरेगावच्या. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, जन्म तिथलाच पण मराठी चांगले बोलणारी. मुंबईच्या एक काकू. आणि माझ्यासारखेच मुलीकडे आलेले एक आजोबा, सातारकडचे, वनखात्यातून निवृत्त झालेले. चिवडा, बाकरवडी आणि भांडायला मुबलक वेळ.

यूजीनची झाडे पडू लागली तशा गोरेगावच्या वहिनी म्हणाल्या, “अहो, हे तर आमचं आरे!” आणि खरेच, ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईच्या उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळले आणि त्याच रात्री आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबा म्हणेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती आणि एकोणतीस जणांना अटक झाली होती. वहिनींची धाकटी बहीण त्या रात्री तिथे उभी होती. “झाडांपेक्षाही राग कशाचा आला माहीत आहे?” त्या म्हणाल्या. “रात्रीचा. चोरासारखं काय काम करायचं?”

कॉलेजकन्येने ते वाक्य तिथेच पकडले. “म्हणजे सरकारने रात्री केलं तर वाईट, आणि या लोकांनी रात्री केलं तर?” वहिनींना उत्तर सुचले नाही. पुढे काय होणार त्याची ही चुणूक होती.

पहिली आग दिसली तेव्हा खोलीत थोडी खुशीही होती, हे लपवण्यात अर्थ नाही. घोड्यांचा कत्तलखाना जळाला आणि पुन्हा उभा राहिला नाही, हे ऐकून सूनबाई “बरं झालं!” असे म्हणून गेल्या. मग पडद्यावर ग्लेनडेलच्या गिरणीचे मालक स्टीव्ह स्वॉन्सन आले. हा गृहस्थ खलनायकासारखा दिसत नाही, ही पहिली अडचण. घराण्याचा धंदा, आसपासच्या गावांतली माणसे कामाला. आपल्यावर हे का आले, हे त्याला कळत नाही. त्याच्या जळक्या कचेरीचे छप्पर पाहता पाहता मुंबईच्या काकू बोलू लागल्या. त्या तोवर गप्प होत्या.

“जानेवारी त्र्याण्णवच्या दंगलीत आमच्या वडिलांचं दुकान जाळलं,” त्या म्हणाल्या. “आत कोणी नव्हतं. सगळे म्हणाले, देवाची कृपा, जीव वाचले. खरंच वाचले. पण वडील पुन्हा कधी दुकानाच्या गल्ल्यावर बसले नाहीत. एकोणीस वर्षं खिडकीपाशी बसून काढली. आता हे टीव्हीवर म्हणतात, माणूस कोणी दुखावला नाही. त्यांनी मोजलं कसं?”

कोणी काही बोलेना. मुलाने चित्र थांबवून चहा टाकला.

चहा घेताना तो म्हणाला, “बाबा, हे घरही लाकडाचंच आहे बरं का. भिंती, जिना, छप्पर, सगळं. बहुतेक डग्लस फर.” अमेरिकेतली बहुतेक घरे लाकडाच्या सांगाड्याची. आम्ही ज्या खोलीत बसून रानासाठी हळहळत होतो ती खोलीच त्या रानातून आली होती. हे ध्यानात आल्यावर चिवड्याची चव जरा बदलली. राग कुणावर धरायचा? कापणाऱ्यावर, विकणाऱ्यावर, की घर घेणाऱ्यावर? पण म्हणून पाचशे वर्षांचे झाड तोडायला हरकत नाही असेही होत नाही. प्रश्न आपल्या उंबरठ्याच्या आत येतो, एवढेच.

पॉप्लरची झाडे

आता त्या मळ्याची गोष्ट. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत झाडांच्या बीजगुणांत ढवळाढवळ करतात. अशी झाडे रानात पसरली तर निसर्गाचा तोल जाईल, अशी भीती पुष्कळांना वाटते. क्लॅटस्कनीच्या मळ्यात तसलीच झाडे आहेत असे मॅकगोवन आणि त्याच्या साथीदारांनी धरून चालले होते. त्यांनी मळ्याच्या इमारती जाळल्या, ‘तुमचे नियंत्रण चालणार नाही’ अशा आशयाचा मजकूर मागे ठेवला आणि ते निघून गेले.

नंतर कळले, की ती झाडे तसली नव्हतीच. ती साध्या संकराची होती. आपला शेतकरी ज्वारीचे किंवा कापसाचे संकरित बियाणे पेरतो, तशी. कागदाच्या लगद्यासाठी ती लावलेली. म्हणजे रानातले झाड न तोडता मळ्यातले तोडावे, अशा सोयीची.

त्याच रात्री, दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, सिॲटलला, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या उद्यानविद्येच्या केंद्राला याच गटातल्या दुसऱ्या काही जणांनी आग लावली. तिथे पॉप्लरवर संशोधन करणाऱ्या एका शास्त्रज्ञाची खोली होती. आग त्या एका खोलीत राहील असे आगीला कोणी सांगितले नव्हते. सारी इमारत गेली. आणि तिच्याबरोबर, नामशेष होऊ घातलेल्या एका रानफुलाची जी रोपे तिथे जिवापाड वाढवली जात होती, ती रोपेही गेली. धरणीच्या मुक्तीसाठी लावलेल्या आगीत धरणीवरचे एक दुर्मिळ फूल जळाले. एवढा कडू विनोद कोणा नाटककाराने लिहिला असता तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

मॅकगोवनला या रात्रीनंतर पाय मागे घ्यावेसे वाटले. गटाच्या बैठकींत इमारतींवरून माणसांवर जाण्याची भाषाही कोणी कोणी बोलू लागले होते. गट फुटला. तो न्यूयॉर्कला परतला, उघड्या चळवळीत रमला आणि शेवटी त्या बायकांच्या संस्थेत कामाला लागला. चार वर्षे उलटली. आग विझली असे त्याला वाटले असेल. सरकारी दप्तरात ती धुमसत होती.

एका शब्दाची किंमत

ती कशी उघडकीस आली, तो भाग थेट गुप्तहेरकथेसारखा आहे. जेक फर्ग्युसन हा या गटातला सर्वांत सराईत आग लावणारा, नशापाण्यात बुडालेला. पोलिसांनी त्याला गाठले. अंगावर ध्वनिमुद्रणाचे यंत्र लपवून तो देशभर आपल्या जुन्या मित्रांना भेटत फिरला आणि जुन्या आठवणी काढत त्यांना बोलते करत गेला. त्याच्या हातून डझनाहून अधिक आगी लागल्या होत्या. त्याला तुरुंग झाला नाही, केवळ चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले. आमच्या खोलीत सगळ्यांचे एकमत झाले ते एवढ्या एका मुद्द्यावर: हा न्याय कुणालाच पटला नाही. धरपकड झाल्यावर गटातल्या दुसऱ्या एकाने, विल्यम रॉजर्सने, त्याच डिसेंबरात ॲरिझोनातल्या कोठडीत स्वतःचा जीव घेतला.

मॅकगोवनवर लावलेल्या कलमांची बेरीज जन्मठेप अधिक ३३५ वर्षे इतकी होत होती. माणसाच्या आयुष्याला ३३५ वर्षे जोडायची ती कुठे, हे कायद्यालाच ठाऊक! जामिनावर सुटून तो बहिणीच्या घरी नजरकैदेत राहिला. पायाला पाळत ठेवणारे यंत्र बांधलेले. चित्राचा पुष्कळसा भाग याच घरातला आहे आणि प्रेक्षकाला तो फार लागतो. भाऊ घरात असून घरात नाही. बहीण वरवर हसते आहे. लग्न होते आहे आणि नवरा तुरुंगात कधी जायचा याची तारीख ठरते आहे. भाऊ चुकला असे बहिणीला वाटत असेल, पण भाऊ तो भाऊच. आपल्याकडच्या कुठल्याही घरात हे असेच झाले असते.

शेवटी त्याने गुन्हा कबूल केला, मात्र इतर कुणाचे नाव सांगणार नाही या अटीवर. जून २००७ मध्ये यूजीनच्या न्यायालयात न्यायाधीश ॲन एकन यांनी त्याला सात वर्षांची शिक्षा दिली आणि गुन्ह्याला दहशतवादाचा शिक्काही मारला.

इथे चित्र पाहणाऱ्यांची सर्वांत मोठी फळी फुटते. आमच्याकडेही फुटली. “आग लावून लोकांना घाबरवलं, मग दुसरं काय म्हणायचं त्याला?” हा काकूंचा सवाल. “शेकडो माणसं मारणाऱ्याला आणि रिकामी कचेरी जाळणाऱ्याला एकच शब्द?” हा कॉलेजकन्येचा. दोघींचेही खरे होते. यात एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. मॅकगोवनच्या आगी जानेवारी आणि मे २००१ मधल्या. त्याच वर्षीच्या ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कचे जोडमनोरे पडले. त्याचा निवाडा झाला तो त्यानंतर, २००७ मध्ये. गुन्हा तोच राहिला, पण मधल्या काळात ‘दहशतवादी’ या शब्दाचे वजन शंभरपट वाढले, आणि ते त्याच्या डोक्यावर येऊन पडले. २००५ साली तर केंद्रीय तपासखात्याच्या एका अधिकाऱ्याने देशांतर्गत दहशतवादाचा पहिल्या क्रमांकाचा धोका म्हणून असल्या मंडळींकडे बोट दाखवले होते.

शब्दाचे परिणाम कागदावर राहत नाहीत. २००८ मध्ये मॅकगोवनची रवानगी इलिनॉयमधल्या मॅरियन तुरुंगाच्या एका खास विभागात झाली. तिथे कैद्याचे प्रत्येक पत्र वाचले जाते, प्रत्येक फोन ऐकला जातो. भेटीला आलेल्या माणसाला हातही लावता येत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये तो तुरुंगातून बाहेर आला. एप्रिल २०१३ मध्ये त्याने त्या खास विभागावर एक लेख लिहिला, तर त्याला पुन्हा पकडून आत टाकले आणि दुसऱ्या दिवशी सोडून दिले. आग लावल्याबद्दल शिक्षा झाली हे समजते. लेख लिहिल्याबद्दलही होऊ लागली, म्हणजे सरकारलाही आपल्या रागाला आवर घालणे जड जात होते.

दुसरा माणूस

चित्र संपले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि कोणी उठायला तयार नव्हते. वनखात्यातले आजोबा तोवर फारसे बोलले नव्हते. सूनबाईंनी विचारले, “आजोबा, तुम्ही जंगलातच आयुष्य काढलंत. तुम्ही कुणाच्या बाजूचे?”

आजोबा म्हणाले, “बाजू राहू दे. मला त्या पॉप्लरचं वाईट वाटलं. आमच्याकडे तोडायच्या झाडावर हातोड्याने शिक्का मारायचा असे. एक जण शिक्का मारायचा, दुसरा वहीत लिहायचा; नंतर तिसरा येऊन बघायचा. हा दुसरा माणूस फार महत्त्वाचा. तो म्हणायचा, साहेब, हे झाड यादीत नाही. दहा वेळा त्याचा राग आला मला. पण त्याच्यामुळे किती झाडं वाचली! या पोरांजवळ तो दुसरा माणूस नव्हता.”

कॉलेजकन्या सहजी हार मानणारी नव्हती. “पण आजोबा, त्या यूजीनच्या लोकांनी सगळं उघड केलं होतं. त्यांना मिरपूड मिळाली आणि झाडंही गेली. कत्तलखाना मात्र जळला तो कायमचा बंद झाला.”

हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. आग कधीच काही साधत नाही, असे म्हणणे खोटे होईल. कत्तलखान्याचे उदाहरण समोर आहे. पण उघड्या वाटेचा हिशेबही पुरा मांडला पाहिजे. यूजीनच्याच पूर्वेला वॉर्नर क्रीक नावाचे रान आहे. १९९५ मध्ये तिथली झाडे विकायला काढली, तेव्हा माणसे रस्ता अडवून बसली ती अकरा महिने, भर हिवाळ्यातल्या बर्फातसुद्धा. १९९६ मध्ये सरकारने ती विक्री मागे घेतली. आणि त्याहून मोठे काम केले ते एका घुबडाने! जुन्या रानात राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाचे नाव १९९० मध्ये संरक्षित प्राण्यांच्या यादीत गेले. त्याच्या आधारावर वकिलांनी दावे लावले. १९९१ मध्ये न्यायाधीश विल्यम ड्वायर यांनी घुबडाच्या प्रदेशातल्या सरकारी रानांत नव्या तोडीला मनाई केली आणि १९९४ पासून साऱ्या विभागाला नवा वनआराखडा लागू झाला. सरकारी जंगलातली तोड त्यानंतर पूर्वीच्या मानाने फारच थोडी उरली. त्यात गिरण्या बंद पडल्या, गावे ओस पडली, हेही खरे. कुठलीच वाट फुकटची नसते. पण त्या वाटेवर प्रत्येक पावलाला समोर उलटतपासणी घेणारा वकील होता, खोट काढणारा शास्त्रज्ञ होता, निकाल फिरवू शकणारे वरचे न्यायालय होते. चूक झाली असती तर ती दुरुस्त होण्याची सोय होती.

अंधारातल्या कामाला तेवढीच सोय नसते. तिथे चारसहा माणसे एकमेकांच्या रागावर आपला राग तापवत राहतात. ‘ही झाडे खरोखर तसली आहेत का?’ असे विचारायला बाहेरचा कोणी नसतो. कारण बाहेरच्याला विचारले तर गुपित फुटते. मॅकगोवन हा दुष्ट नव्हता, मूर्खही नव्हता. जंगलाविषयी त्याला जे वाटले ते पुष्कळ अंशी बरोबर होते. तरीही त्याच्या हातून भलताच मळा जळाला. आणि जळालेला मळा माफी मागून हिरवा होत नाही. हाच दंडक सरकारलाही लागू करावा लागतो, हे मात्र विसरता कामा नये. सभेच्या आदल्या दिवशी, पहाटे, झाडे पाडणारी नगरपालिका तरी त्या दुसऱ्या माणसाला टाळण्यासाठीच धावत नव्हती काय? लोकांना बोलायची संधी द्यायची आणि बोलण्याआधी करवत चालवायची, यातून कुणाला अंधाराची वाट दिसली तर नवल नाही. त्याला शिक्षा करावी. पण त्या पहाटेचा हिशेबही कुणीतरी द्यावा.

कॉलेजकन्येचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. निघताना ती आजोबांना म्हणाली, “दुसरा माणूस ऐकतच नसेल तर?” आजोबा म्हणाले, “तर तिसरा शोधायचा, बाळ. दमायचं नाही.” तिला ते पुरेसे वाटले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. विशीतल्या माणसाला ते पुरेसे वाटू नये, हेही ठीकच आहे.

हा अनुबोधपट तासदीड तासाचा आहे आणि वाचकांना मिळाला तर त्यांनी जरूर पाहावा. एकट्याने मात्र पाहू नये. घरातली म्हातारी आणि तरुण माणसे एकत्र बसवून पाहावा, आणि मध्ये एकदा थांबवून प्रत्येकाला विचारावे: तू आता कुणाच्या बाजूला आहेस? उत्तरे लिहून ठेवावीत. संपल्यावर पुन्हा विचारावे. ज्या घरात दोन्ही वेळची उत्तरे अगदी सारखी येतील, त्या घराने चित्र नीट पाहिले नाही असे खुशाल समजावे. आणि ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी रागाने लाल होऊन काही बोलू लागेल, त्या घरातल्या वडील माणसांनी ते तोडून न टाकता शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. मनात पेटलेले घरात बोलता आले, तर ते बाहेर अंधारात नेण्याची गरज कमी पडते.